खोबऱ्याच्या काड्या आणि बारा व्होल्टचा फ्रिज

सांगलीतून निघण्याआधी

माझं लग्न एका बशी कांदेपोह्यांत ठरलं. आमच्या ट्रेलरचा फ्रिज ठरायला मात्र अख्खा हिवाळा गेला. अरुण, म्हणजे माझा नवरा, निवृत्त झाला आणि त्यानं ओळखीच्या एका फॅब्रिकेटरकडून गाडीमागे ओढायचं छोटंसं घर बनवून घेतलं. दोघांना झोपायला जागा, एक शेगडी, एक बेसिन, आणि ओट्याखाली फ्रिजसाठी सोडलेला रिकामा कोनाडा. त्या कोनाड्यावरून आमची जेवढी भांडणं झाली, तेवढी मुलांच्या शिक्षणावरूनही झाली नव्हती.

अरुणला गॅसवर चालणारा फ्रिज हवा होता. आवाज नाही, बॅटरीची कटकट नाही. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे चौकशी केल्याशिवाय मला राहवत नाही. तो फ्रिज सपाट जागेवरच नीट चालतो आणि बाहेर फार तापलं की हात टेकतो, असं कळलं. शेजाऱ्यांचं म्हणणं होतं, घरातला असतो तसाच छोटा फ्रिज घ्या आणि इन्व्हर्टर जोडा. पण तो सुरू होताना एकदम विजेचा मोठा घोट घेतो, आणि बॅटरीच्या बारा व्होल्टचे दोनशेतीस करण्यातच बरीच वीज वाया जाते. शेवटी माझ्या हट्टानं थेट बारा व्होल्टवर चालणारा, पेटीसारखा वरून उघडणारा फ्रिज आला. थंड हवा जड असते. उभ्या फ्रिजचं दार उघडलं की ती आपल्या पायांवर सांडते, पेटीतली पेटीतच राहते. जोडीला एक लिथियम बॅटरी, छपरावर दोन सोलर पॅनेल, आणि गाडी चालू असताना इंजिनावरून चार्जिंग. कागदावर सगळं बसत होतं.

"कागदावर आपलं लग्नही बसत होतं," अरुण म्हणाला. "छत्तीसच्या छत्तीस गुण."

परीक्षा घ्यायची तर कडक घ्यावी, म्हणून आम्ही मे महिन्यात वऱ्हाडात जायचं ठरवलं. खरं कारण अरुणचा हॉस्टेलमधला मित्र रामदास. तिवशाजवळ त्याची शेती आहे. त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक गावरान आंबा होता. गावरान आंब्याच्या प्रत्येक झाडाला तिकडे स्वतःचं नाव असतं. या झाडाचं नाव खोबऱ्या, कारण त्याची कैरी आंबट नसते, ओल्या खोबऱ्यासारखी लागते. हॉस्टेलमध्ये असल्यापासून रामदास म्हणत आला होता, "खोबऱ्या नाई खाल्ला तं तू आंबाच नाई खाल्ला लेका." इतकी वर्षं ते राहून गेलं होतं. ओळखीपाळखीच्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. आमच्या सांगलीत चाळीस अंश झाले की पेपरात बातमी येते, आणि आम्ही भर उन्हाळ्यात वऱ्हाडात निघालो होतो. आम्ही दोघांनी मात्र टोप्या घेतल्या आणि गाडीला ट्रेलर जोडला.

तिवसा

वाटेतले टोलनाके आणि ढाबे सगळीकडे सारखेच, ते सोडून देते. तिवशाच्या अलीकडे चहाला थांबलो आणि मी गाडीचं दार उघडलं, तेव्हा भाकरीच्या तव्यावर तोंड धरावं तसा झोत आला. ऊन डोळ्यांना दिसत होतं, कानांना ऐकू येत होतं म्हटलं तरी चालेल, कारण त्यात दुसरा कुठलाच आवाज नव्हता. पाखरू नाही, माणूस नाही. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. टपरीवाल्यानं डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला होता. आमचा ट्रेलर न्याहाळत तो म्हणाला, "कुल्फीची गाडी हाये काय जी?" अरुणनं घर असल्याचं सांगितलं. त्याला ते पटलं नाही, पण चहाचे पैसे घ्यायला तो तयार होईना. पाहुणे आहात, म्हणाला.

रामदासच्या शेतात पोचलो तर बायामाणसांची गर्दी. आदल्या संध्याकाळी वावटळ आली होती आणि खोबऱ्या मुळासकट आडवा पडला होता.

एवढं मोठं झाड आडवं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उभं असताना झाड आपण खालून बघतो, त्याचा शेंडा आपला नसतो. इथे मी शेंड्याजवळ उभी होते. जिथे फक्त पाखरं बसली असतील त्या फांद्या माझ्या कमरेशी होत्या, कैऱ्यांनी लगडलेल्या. पानं अजून हिरवीगार होती. आपण पडलोय हे झाडाला कळायचं बाकी होतं. मला हात जोडावेसे वाटले आणि मी जोडले. रामदासच्या बायकोनं, शोभावयनींनी, एक कैरी फोडून माझ्या हातावर ठेवली. मीठ नाही, तिखट नाही. खाल्ली. खरंच ओलं खोबरं, आणि मागून अगदी हलकी, कैरीची ओळख पटण्यापुरती आंबट चव.

"आता खाल्ली ना," रामदास म्हणाला. "म्या खोटं नव्हतो बोलत." तो झाडाकडे बघत नव्हता.

वावटळीनं विजेचे खांबही झोपवले होते. दोन दिवस तरी लाइन येणार नाही, असं सगळे म्हणत होते. म्हणजे आमच्या फ्रिजची परीक्षा पहिल्याच मुक्कामी. आणि पहिला पेपरच अवघड निघाला. सोलरला ऊन पाहिजे, फ्रिजला सावली, आणि दोघंही एकाच छपराचे. लिंबाखाली ट्रेलर लावला तर पॅनेल झोपणार, उन्हात लावला तर पत्रा तापून फ्रिजची दमछाक होणार. शेवटी उन्हात लावून फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यावर ओली पोती टांगली. तासाभरात फ्रिज टीं-टीं करून बंद पडला. बॅटरी तर निम्म्याच्या वर भरलेली. मी जमिनीवर आडवी होऊन वायरला हात लावला, तर चांगली कोमट. फॅब्रिकेटरनं घरातल्या दिव्याला घालतात तसली बारीक वायर घातली होती. बॅटरीतून निघालेला विजेचा दाब फ्रिजपर्यंत पोचेतो वाटेतच खर्च होत होता आणि फ्रिजला वाटत होतं बॅटरी संपली. बॅटरी, पॅनेल, फ्रिज सगळं मी पारखून घेतलं होतं. वायर बघायची राहिली होती. रामदासनं विहिरीच्या मोटारीची जुनी केबल काढून दिली, बोटाएवढी जाड. ती जोडली आणि फ्रिज घुरघुरायला लागला.

त्या घुरघुरीची बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. पहिल्यांदा एक बाई दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आल्या. "थोडीशी जागा भेटन काय जी?" मग दही आलं, मग कोणाच्या डोळ्यांचे थेंब आले, मग एका घरून लग्नाचे उरलेले गुलाबजाम. गरम दूध ठेवायचं नाही, झाकण सारखं उघडायचं नाही, असे मी शाळेतल्यासारखे नियम केले. ते मोडले गेले. पण आतली थंडी टिकली. बाहेर भाजून काढणारं तेच ऊन छपरावरून आत जात होतं आणि आत दूध गार होत होतं. हे सगळं मी मुलांना फळ्यावर शिकवलेलं आहे. तरी पेटीत हात घालून त्या गार गंजाला हात लावला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी रामदास आला. हातात आंब्याच्या कोवळ्या फांद्यांचा भारा होता.

"वयनी, काड्या ठेवता येतीन काय? कलमाच्या?"

काड्या कोणासाठी, ते त्यानं सांगितलं नाही. ते शोभावयनींनी सांगितलं. रामदासची बहीण सुमन पातूरला दिलेली आहे. ती आणि तिचा नवरा रोपवाटिका चालवतात. वडील गेल्यावर तिनं तहसीलमध्ये येऊन जमिनीच्या हक्कसोडीवर सही केली. बदल्यात काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली की मला खोबऱ्याचं कलम करू दे. रामदास हो म्हणाला, आणि दर साली पुढच्या सालावर ढकलत राहिला. दोन वर्षांपासून सुमननं माहेरी येणं बंद केलं होतं.

"काऊन नाई दिल्या काड्या?" शोभावयनींनी माझ्यासमोरच त्याला विचारलं.

रामदास भाऱ्याची पानं तोडत राहिला. "सुमी दर सालच्या मे महिन्यात येत जाय. खोबऱ्या खायाले. मले वाटे, झाड तिच्या घरी गेलं का ते कायले येते."

मग त्यानं सुमनचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "तुमीच बोला वयनी." सुमन नात्यातल्या लग्नाला गेली होती, परवा दुपारी परतणार होती. झाड पडल्याचं ऐकून तिनं कामाचं तेवढं सांगितलं. पडलेल्या झाडात रस टिकत नाही, काड्या आत्ताच काढायच्या. पानं छाटायची, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या. थंड ठेवायच्या, पण माठातल्या पाण्याएवढं थंड, जास्त नाही. एसटीनं पाठवल्या तर या उन्हात वाळून जातील. भावाबद्दल तिनं विचारलं नाही.

म्हणजे परवापर्यंत काड्यांना फ्रिजशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि फ्रिजमध्ये तर गावाचं दूध. दुधाला जी थंडी लागते ती काड्यांना सोसणार नाही. मी हे दबकतच सांगितलं. ज्यांनी पहिल्यांदा गंज आणला होता त्या बाई म्हणाल्या, "त्यात काय हाये जी? आमी आज दुधाची चहा जास्त पिऊन घेऊ. खोबऱ्याले जागा करा." एकेक जण आला आणि आपापलं घेऊन गेला. कोणी कुरकुरलं नाही. आमच्या कॉलनीत लिफ्टमध्ये जागा करून द्यायलाही लोक खळखळ करतात. डोळ्यांचे थेंब तेवढे राहू दिले, ते पहाटे नेले. गुलाबजाम आम्हालाच खावे लागले.

शोभावयनींनी काड्यांच्या जुड्या बांधल्या. प्रत्येकीला ओलं फडकं, वरून वर्तमानपत्र, वरून पिशवी. मी फ्रिज बारा अंशांवर लावला. पहाटे निघताना अरुण रामदासला म्हणाला, "चल की आमच्यासंगं." रामदासनं मान हलवली. "कोणत्या तोंडानं येऊ?"

अकोला

पहाटे निघून, अमरावतीत फक्त डिझेल घेऊन, ऊन चढायच्या आत अकोल्याला पोचलो. तिथे अरुणचा मावसभाऊ प्रमोद आणि त्याची बायको माधुरी राहतात. घराघरांच्या खिडक्यांत कूलर घरघरत होते. भर दुपारी अख्खी गल्ली कूलरच्या आवाजात झोपली होती आणि ओल्या वाळ्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. आमच्या वाट्याला वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा आणि तळलेल्या कुरडया आल्या. "घ्या ना ताई," म्हणत माधुरी वाढत होती, आणि नको म्हटलेलं तिला ऐकू येत नव्हतं. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा प्रमोद समजुतीनं म्हणाला, "आज जरा फिक्काच झाला."

घरची वीज होती, म्हणून फ्रिज अ‍ॅडॅप्टर लावून रात्रभर त्यांच्या प्लगवर ठेवला आणि बॅटरीला विश्रांती दिली. सकाळी आवरून मी ट्रेलरमध्ये आले. झाकण उघडलं तर आतल्या भिंतींवर पांढरं बर्फ. आकडा वजा अठरा.

माधुरी मागेच उभी होती. पहाटे उठून तिनं आमच्यासाठी पन्ह्याची बाटली आत ठेवली होती, आणि ठेवताना बटणही दाबलं होतं, आकडा थांबेपर्यंत. "ऊन भल्ली तपून राहिली ना ताई. म्हटलं वाटेत तुमाले पुरलं पाह्यजे, जास्त थंड करून देऊ."

मी जुड्या बाहेर काढल्या. भिंतीला लागलेली जुडी लाकडासारखी कडक. माझा चेहरा पाहून माधुरीला काय झालं ते कळलं आणि ती खालीच बसली. "आमच्याकडं थंडीनं कुठली वस्तू खराब होते, हे म्या कधी ऐकलंच नाई," ती म्हणाली. तिचं काय चुकलं होतं? त्या गावात जन्म काढलेल्या बाईनं थंडी जास्त झाली तर काय, असा विचार करायचा तरी कशाला? तरी माझा संताप झाला होता, तिच्यावर नाही, माझ्यावर. फ्रिजला बटणं लॉक करायची सोय असते. ती मी वाचली होती आणि वापरली नव्हती.

"रामदासला कळवायचं?" अरुणनं विचारलं.

"काय कळवणार? मेल्या की जगल्या, ते मलाच माहीत नाही."

आकडा बारावर आणला, बर्फ पुसून काढलं आणि निघालो. पन्ह्याची बाटली कोणी उघडली नाही.

पातूर

अकोल्याहून दक्षिणेला निघालं की सपाट रान हळूहळू उचलल्यासारखं होतं आणि पातूरला डोंगर सुरू होतो. सुमनचा नवरा बोलायला मवाळ. त्यानं ट्रेलर चिंचेखाली लावून घेतला. एक पॅनेल आम्ही सोडवून उन्हात टेकवलं, जाड केबलनं जोडलं, आणि पॅनेलला ऊन, फ्रिजला सावली असं एकदाचं जुळलं. सुमन यायला अवकाश होता. "लेणी पाहून या तवरोक," तो म्हणाला.

लेणी म्हणजे डोंगराच्या कुशीत कोरलेल्या खोल्या. मूर्ती फारशा नाहीत, नक्षी नाही, गर्दी तर नाहीच. बाहेर ऊन आदळत होतं आणि आत पाय ठेवला तर दगड गार. मी पाठ टेकून बसले. कोणी एके काळी छिन्नी-हातोडी घेऊन हा एवढा गारवा दगडातून खोदून काढला होता, आणि तो अजून तसाच होता. ना बॅटरी, ना वायर. मला माझ्या हिशोबांचं हसू आलं आणि त्या माणसांविषयी फार आदर वाटला. पण मन काड्यांतच होतं. अरुण मला दहा वेळा म्हणाला असेल, "चल, आली असेल ती."

सुमन आली होती. बुटकी, सावळी, लग्नाला नेसलेल्या साडीवरच पदर खोचलेली. आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाली, "दाखवा."

मी अकोल्यात घडलेलं सगळं सांगून टाकलं. तिनं नुसती मान डोलावली. ओल्या पोत्यावर जुड्या सोडल्या. पहिल्या काडीची साल नखानं खरवडली. आत तपकिरी. बाजूला टाकली. दुसरी तपकिरी, तिसरीही. भिंतीकडची ती अख्खी जुडी गेली. मग तिनं मधली जुडी घेतली, शोभावयनींचं फडकं सोडलं आणि साल खरवडली.

आत हिरवं होतं. ओलसर, चकचकीत हिरवं.

सुमननं ती काडी नाकाशी धरली आणि तशीच धरून ठेवली. कोवळ्या आंब्याच्या सालीला कैरीचाच वास असतो. "जित्ता हाये," ती म्हणाली. पुढच्या काड्याही तिनं तपासल्या. मधल्या जुड्या बहुतेक वाचल्या होत्या.

मग ती कामाला बसली. पिशव्यांतली कोयीपासून उगवलेली रोपं ओळीनं मांडलेली होती. रोपाचा शेंडा उडवायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, काडीला पाचर करून त्यात बसवायची, पट्टीनं घट्ट बांधायची. तिचा हात थांबत नव्हता. मी तोंडात बोट घालून बघत होते. दोन दिवसांपूर्वी जे झाड जमिनीवर मरून पडलेलं मी पाहिलं, ते इथे एकेका पिशवीत पुन्हा उभं राहत होतं.

"दादा काऊन नाई आला?" मान वर न करता तिनं विचारलं.

मी म्हटलं, "तोंड दाखवायची लाज वाटते त्यांना." आणि माझं काम नव्हतं, तरी रामदास जे बोलला होता ते सांगितलं. झाड तुझ्या घरी गेलं तर तू येणार नाहीस, अशी त्याला भीती होती.

सुमनचा हात तेव्हा थांबला. "येडा हाये तो," ती म्हणाली. "मी काय आंब्यासाठी जात होती?" आणि पदरानं डोळे पुसून तिनं पुढची काडी उचलली.

पुन्हा सांगली

परत येऊन महिना होत आला होता. फ्रिजच्या बटणांना आता लॉक असतो आणि सगळ्या वायरी मी बदलून घेतल्या आहेत. संध्याकाळी रामदासचा फोन आला. अरुण बाहेर होता, मी उचलला.

"वयनी, सुमीचा फोन आला होता. तिनं सोताहून केला. कलमांचे डोळे फुटले म्हणे. तांबडी तांबडी पानं आली."

मी म्हटलं, "फार बरं झालं, रामदासभाऊ."

"म्या म्हटलं तिले, तुयी अमानत तुले पोचली सुमे, आता माया जीव हलका झाला. तं काय म्हणे, झाड उपटलं तिथं खड्डा पडला असन ना मोठा? म्या म्हटलं, पडला. उद्या जेसीबी येऊन राहिला बुजवाले."

मागे कुठेतरी कूलर घरघरत होता.

"तं म्हणे, बुजवू नको दादा. दिवाळीले मी येऊन राहिली. पयलं कलम तिथंच लावू."